बाबांच्या खिशातला दगड

माझी नोकरीच संशय घेण्याची आहे. मिल्टन कीन्सच्या एका बँकेत फ्रॉड टीममध्ये मी बारा वर्षं काढली आहेत, आणि आता कुणी सरळ वागलं तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. नवरा म्हणतो, हा रोग ऑफिसातच ठेवून येत जा. जमत नाही.

त्यात माझे सासरे, म्हणजे बाबा. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले, की कॅफेतल्या साखरेच्या पुड्या, हॉटेलातल्या जॅमच्या इवल्याशा बाटल्या, सगळं त्यांच्या जाकिटाच्या खिशात जातं. "फुकट आहे ना बेटा, मग?" हे वर. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या जनसंहारात मारल्या गेलेल्या ज्यूंच्या राष्ट्रीय स्मारकाला त्यांना न्यायचं ठरलं, तेव्हा मी आधीच धास्तावले. हट्ट मुलीचा होता. ती तेरा वर्षांची, जन्म इथलाच. शाळेत तो इतिहास शिकल्यापासून तिला ती जागा आजोबांना दाखवायची होती.

जागा गावाबाहेर, शेतांच्या मधे. गुलाबांची बाग आणि बागेच्या टोकाला दगडांचा ढीग. दारापाशी टोपलीत दगड ठेवलेले. तिथल्या वयस्कर स्वयंसेविका बाईंनी सांगितलं, एक दगड म्हणजे मारलं गेलेलं एक मूल. कित्येकांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत. एकेक घ्या आणि ढिगावर ठेवा. मुलीने ते आजोबांना मराठीत समजावलं. मी ठेवला, नवऱ्याने ठेवला, मुलीने तर दोन्ही हातांनी ठेवला. बाबा ढिगापुढे वाकले, बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा त्यांचा उजवा हात खिशात होता.

परतताना मोटरवेवर चहाला थांबलो, तेव्हा मुलीने मला बाजूला ओढलं.

"आई, आजोबांनी त्यांची स्टोन ठेवलीच नाही. इट्स इन हिज पॉकेट. ती एका मुलाची आहे ना? हाऊ कुड ही?"

तिचे डोळे भरले होते. मी "विचारते" म्हटलं आणि विचारलं नाही. साखरेच्या पुड्या एक वेळ ठीक, पण हे? सासऱ्यांना तोंडावर चोर कसं म्हणायचं?

तेव्हापासून मुलगी आजोबांशी बोलेना. रोज संध्याकाळी दोघं फिरायला जायची, तेही बंद झालं. बाबा बूट घालून दारात उभे राहायचे, ती वरूनच होमवर्कचं कारण सांगायची, आणि ते हळूहळू बूट काढायचे. मला दगडापेक्षा याचंच जास्त लागलं.

मग मी पाळत ठेवली. जाकिटाचे खिसे तपासले. पुड्या होत्या, दगड नव्हता. स्वयंपाकघरात काळ्या तिळाची बरणी रोज थोडी रिकामी होत होती. आणि रोज सकाळी अंघोळ झाली, की बाबा स्टीलचा पेला घेऊन बागेतल्या शेडमागे जायचे. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. पाचव्या दिवशी मी घरून काम करत होते. मीटिंगमधला कॅमेरा बंद केला आणि मागोमाग गेले.

बाबा ओल्या गवतात अनवाणी उकिडवे बसले होते. विटेवर तो दगड, त्यावर तीळ, आणि पेल्यातलं पाणी ते त्यावर बारीक धारेने सोडत होते.

"बाबा, हा तिथला दगड ना?"

"हो." त्यांनी मान वर केली नाही. "एक दगड म्हणजे एक मूल, असंच म्हणाल्या ना त्या बाई? आपल्याकडे माणूस गेलं की जीवखडा दहा दिवस सांभाळतो, रोज तिळाचं पाणी देतो. या लेकराचं करायला मागे कुणी उरलंच नसेल, बेटा. आईबापांनाही नेलं असेल. मग लगेच कसा ढिगात टाकून येऊ? दहा दिवस झाले की नेऊन ठेवू."

"आम्हाला सांगायचं ना!"

"तू म्हणाली असतीस, परक्याचं सुतक कशाला? म्हणून घरात नाही आणला."

तरी माझ्यातली बँक गप्प बसेना. पकडली गेलेली माणसं किती छान गोष्टी रचतात, हे मी रोज ऐकते. पण विटेभोवतीच्या गवतात पाच दिवसांचे तीळ पडले होते, खालचे भिजून फुगलेले. ते काही मला दाखवायला पसरलेले नव्हते. मला माझीच भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी मुलीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावलं. विश्वास बसला की नाही, काही कळेना.

दहाव्या दिवशी तिला सुट्टी होती. आम्ही तिघं पुन्हा तिथे गेलो. दारात त्याच बाई होत्या. बाबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला दगड काढला, तशी त्यांची नजर आधी दगडावर, मग माझ्यावर आली. ती नजर मी चांगली ओळखते. मी रोज तशीच बघते. मी काही बोलणार, तेवढ्यात मुलगी पुढे झाली आणि त्यांना इंग्रजीत म्हणाली, "याला कुणी नव्हतं, म्हणून माझ्या आजोबांनी दहा दिवस सांभाळलं."

बाईंनी माझ्याकडे बघणं सोडलं आणि बाजूला होऊन बाबांना वाट दिली. मुलगी त्यांचा हात धरून पुढे गेली. मी मात्र दारातच थांबले.