तिसरं पाणी

प्लॅस्टिकची चिमुकली डबी मशीनमध्ये ठेवण्याआधी दादा ती खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायचे. किती वेळा सांगितलं, दादा, कागद आहे ना! "कागद कायले पाह्यजे मॅडम, दुपट्टा कालच धुतला," म्हणायचे, आणि पुसणं चालूच.

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेत शिपाई होते. राहायचे करडी गावाला, घरी धानाची शेती. मी तेव्हा बॅक्टेरियाच्या आत डीएनए घालायच्या खटपटीत होते. पेशी त्या डबीत भरायच्या आणि मशीननं पापणी लवायच्या आत विजेचा एक झटका द्यायचा. पेशीच्या आवरणाला बारीक भोकं पडतात, डीएनए आत शिरतो, भोकं बुजतात. हे ऐकून ते लगेच म्हणाले, "म्हंजे धुऱ्याले तोंड पाडाचं, बांधीत पानी घ्याचं, अन् बुजवून टाकाचं." बांध फोडून धानाच्या खाचरात पाणी घ्यायचं, एवढंच. तेच सांगायला मी वर्गात दोन तास घालवते, बोला आता!

जमलं तर त्या डीएनएमुळे ते बॅक्टेरिया निळ्या दिव्याखाली हिरवे चमकणार होते. ते एकदा डोळ्यांनी पाहायची दादांची फार इच्छा. आणि त्या शनिवारी ते निवृत्त होणार होते.

शुक्रवारपर्यंत दर वेळी फट्ट! ठिणगी उडायची नि पेशी खलास. मी मशीनला शिव्या घातल्या. शनिवारी डीएनए उरला एकाच खेपेपुरता. पेशींची नळी घ्यायला मी हात पुढे केला, तर दादा देईनात.

"तिसरं पानी राह्यलं, मॅडम. मशीन लावाले आलेल्या सायबानं तीनदा धुतलं होतं. तुमी दोनदाच धुऊन राहिल्या."

मी आधीच तापलेली. तुम्हाला यातलं काय कळतं, असं सगळ्या विद्यार्थ्यांदेखत बोलून गेले.

"मले करंट नाही समजत," ते शांतपणे म्हणाले. "धुनं समजते."

तीस वर्षं काचसामान धुतलेला माणूस. मी त्यांचं ऐकलं. बर्फगार पाण्यानं पेशी तिसऱ्यांदा धुतल्या. पेशी वाढवायच्या द्रावणातलं मीठ राहिलं की ठिणगी उडते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, आणि घाई माझीच. बटण दाबलं. फट्ट झालं नाही. मला लाज वाटली आणि हसूही आलं.

रविवारी ते बायकोला घेऊन आले. ताटलीत पसरलेल्या बॅक्टेरियाचे रात्रभरात ठिपके उगवले होते. मी निळा दिवा लावला, आणि सगळे हिरवेगार चमकले. हे तुमी केलं का जी, काकूंनी त्यांना विचारलं. ते बोलायच्या आत मीच म्हटलं, "हो काकू, यांनीच."

ते गडबडले. "नाही वं, मॅडमनं केलं," म्हणाले, आणि पुन्हा ताटलीवर वाकले. करडीची बस निघून गेली तरी उठले नाहीत.