सकाळची साक्ष

बायको गेल्यावर काही महिन्यांनी तिच्या चर्चच्या ग्रुपवर तिचाच व्हिडिओ आला. निळी साडी, केमोनंतर नुकते उगवलेले आखूड केस, हातात माईक. खाली लिहिलं होतं, ‘सकाळची साक्ष. ऐका, विश्वास ठेवा, इतरांना पाठवा.’

चर्च सोलापुरातलं, मोठं. रविवारी हॉल भरला की उरलेले लोक बाहेर मांडवात पडद्यावर उपासना बघतात, आणि ज्यांना येता येत नाही ते गावोगावी यूट्यूबवर. दुखण्यातून उठलेली माणसं मंचावर येऊन आपला अनुभव सांगतात. त्याला साक्ष म्हणतात. त्यातले छोटे तुकडे कापून, मागे कीबोर्डचे सूर घालून, रोज सकाळी ग्रुपवर आणि फेसबुकवर टाकले जातात. ग्रुपवर लिहायची मुभा फक्त ॲडमिनला. बाकीच्यांनी खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचं. आजारपणात ती हे तुकडे फोन उशाशी ठेवून ऐकायची आणि मी शेजारी वाचत बसायचो. मला देवाधर्मात फारशी गती नाही. पण ते ऐकताना तिचा श्वास संथ व्हायचा हे मला दिसत होतं, म्हणून मी त्याबद्दल कधी वावगं बोललो नाही.

तिनं साक्ष दिली त्या रविवारी मी मागच्या खुर्चीत होतो. घरी तिची प्रार्थना तेलुगूत चालायची. मंचावर मात्र ती मराठीत बोलली, एकेक शब्द जुळवत. म्हणाली, “माझी गाठ गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या मी रोज घेते, एकही चुकवत नाही. रोज गोळी गिळायचं बळ देव देतो.” सकाळच्या तुकड्यात ‘गाठ गेली’ आहे आणि लगेच ‘बळ देव देतो’. मधलं काही नाही.

पुढे आजार हाडांत परतला आणि ती गेली. चर्चची माणसं धावून आली, त्यांनी खांदा दिला, कितीतरी दिवस डबे पाठवले. ‘प्रभूमध्ये झोपी गेली’ असं ग्रुपवर आलं, तिच्या फोटोला पांढऱ्या फुलांची चौकट करून. पण साक्षी आलटूनपालटून टाकण्याचं काम वेगळ्या माणसांकडे असावं. तिच्या साक्षीचा नंबर आला आणि ग्रुपवर ती पुन्हा बरी झाली.

फेसबुकवर त्या व्हिडिओला तिचं नाव जोडलेलं होतं, त्यामुळे लोकांचे निरोप तिच्या फोनवर येत. तो फोन मी चार्ज करत होतो, का ते सांगता येणार नाही. बहुतेक निरोपांत नुसतं आमेन असायचं. एक बाई मात्र बोलून निरोप पाठवायची. उजनी धरणाच्या पाण्याकाठचं गाव, मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज. “ताई, मलाबी तुमच्यावानीच गाठ हुती. आपरेशन झालंया. पर गोळ्या म्या बंद केल्या बगा. तुमी जसा इस्वास ठिवला तसाच ठिवलाय.”

मी चर्चमध्ये गेलो. व्हिडिओंचं काम बघणारी सिस्टर (चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात) माझ्या बायकोबरोबर गायची, मला काका म्हणते. मी म्हणालो, व्हिडिओ काढून टाका, नाहीतर मधलं वाक्य परत घाला. तिनं चहा मागवला. मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत कुणी बघत नाही, म्हणून सगळ्यांचेच कापावे लागतात, असं ती समजावून सांगत होती. मी तिला त्या बाईचा आवाज ऐकवला. चहा तसाच राहिला.

“पाळकसाहेब बाहेरगावी आहेत काका,” ती शेवटी म्हणाली. “त्यांना विचारल्याशिवाय मला काढता येणार नाही. आणि काढला तर लोक विचारतील, त्या सिस्टरचं काय झालं. मग काय सांगू?”

“गेली म्हणून सांगा.”

तिच्यावर चिडता येईल असंही मला काही सापडेना.

त्या बाईला मी निरोप पाठवून नंबर मागितला आणि दुपारी फोन केला. मी तिचा नवरा, ती आता नाही, असं सांगितलं. बाईला ते पटेना.

“असं वंगाळ बोलू नगा वो. आज सकाळीच बगितलं की त्यास्नी. तोंडावर केवढं तेज हाय.”

तो व्हिडिओ जुना आहे, हे मी दोनदा समजावलं. त्या रविवारची पूर्ण उपासना चर्चच्याच यूट्यूबवर होती. बायकोचं बोलणं कुठे सुरू होतं ते शोधून मी बाईला पाठवलं. थोड्या वेळानं तिचाच फोन आला. आवाज उतरला होता.

“म्हंजी गोळ्या घिऊनबी गेल्याच की त्या. मग म्या कशापायी घ्यायच्या?”

हाच प्रश्न मी डॉक्टरांना वेगळ्या शब्दांत विचारला होता, आणि त्यांनी दिलेलं उत्तर मला नीट आठवत नव्हतं. मी म्हणालो, “बाई, कुणाला किती गुण येतो ते डॉक्टरला विचारा. मला कळत नाही. मला एवढंच माहीत आहे, की तिनं सोडल्या नव्हत्या. तिचं नाव घेऊन तुम्ही सोडू नका.”

मोटार चालूच होती.

“त्यानं लई मळमळतं वो,” ती म्हणाली. “ताई काय करायच्या?”

“जेवण झाल्यावर घ्यायची. आणि मग कडक भाकरीचा तुकडा चघळत बसायची, बराच वेळ.”

“नुसतीच?”

“नुसतीच. चटणी लावू द्यायची नाही.”

“बरं,” ती म्हणाली. मग आत कुणाला तरी विचारलं, गोळ्यांची पिशवी कुटं ठिवली म्हणून.