साठ्यांची हिट आणि सेम्बावांगचा रविवार

आमचे जहाजावरचे जुने चीफ इंजिनिअर साठे सिंगापूर सोडून कायमचे पुण्याला निघाले होते, आणि त्याआधी त्यांना बेसबॉलमध्ये एक हिट हवी होती, म्हणजे समोरच्याच्या चुकीवर नाही, स्वतःच्या फटक्यावर गाठलेला बेस. एकच. सहा वर्षं सेम्बावांगच्या मैदानावर, ते नोकरी करत त्या शिपयार्डच्या हौशी संघातून खेळूनही ती मिळाली नव्हती. शेवटच्या सामन्याचा स्कोअर लिहायला त्यांनी मला बोलावलं. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट.

क्लेमेंटीहून जाणार असाल तर ज्युराँग ईस्टला एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, बदला. उत्तरेकडची लाइन तेव्हा नवी होती, भाडं दोन डॉलरच्या आत. सेम्बावांगला उतरल्यावर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, दोन प्राटे (आपल्या पराठ्यांचे तिथले भाऊ) आणि घट्ट गोड चहा घ्या, कारण मैदानाजवळ काही मिळत नाही.

गाडीत वेळ भरपूर, तोवर माझी मतं ऐका. मी बेसबॉल शिकलो बाल्टिमोरच्या बंदरात, ज्युनियर इंजिनिअर असताना. खलाशांच्या क्लबात फुकट तिकिटं मिळत. तेव्हा चांगला पिचर नऊच्या नऊ डाव स्वतः टाकायचा. आता सहाव्या डावातच त्याचा हात दुखतो. खेळाडूंचे दंड फुगलेत, होमरन स्वस्त झालेत. मधे तर मालक आणि खेळाडू भांडले आणि अख्खा हंगाम अर्ध्यात बंद पडला. पण माझा खरा राग स्कोअररवर. क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला तर ती त्याची चूक, म्हणजे एरर. फलंदाजाच्या नावावर हिट लागत नाही. हल्ली मोठ्या नावांना सर्रास हिट देऊन टाकतात. कुणाला दुखवायचं नाही ना! इंजिनरूमच्या लॉगबुकात असं कुणी लिहिलं असतं तर साठ्यांनी त्याला पुढच्या बंदरात उतरवलं असतं. जे घडलं तेच लिहायचं. चुकलंच तर खोडरबर नाही. एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची.

मैदान स्टेशनपासून वीस मिनिटं चालत. टोपी न्या, सावली नाही. समोर अमेरिकन शिक्षकांचा संघ होता. साठे गुडघ्याला पट्टा बांधत होते.

"चीफ, आज लागणार तुमची हिट," मी म्हणालो.

"मारायचं काम माझं, लिहायचं तुझं. नीट लिही."

त्यांच्या संघातला वेल्डर लिम सिंगापुरी इंग्रजीत ओरडला, "अंकल, टुडे मस्ट गेट वन, लाह!"

पहिल्या दोन वेळा साठे बाद झाले. शेवटच्या डावात त्यांनी मारलेला चेंडू सरपटत थेट तिसऱ्या बेसवरच्या मास्तरांकडे गेला. मास्तर वाकले, चेंडू ग्लव्हमध्ये शिरला आणि बाहेर पडला. तेवढ्यात साठे धापा टाकत पहिल्या बेसवर पोचले. अख्खा संघ नाचायला लागला. साठ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत 'हिट' लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही, याची मला आजही लाज वाटते.

सामना संपल्यावर साठ्यांनी चष्मा लावून वही मागितली आणि इंजिनरूममधली पाळी संपताना लॉग वाचावा तशी वरपासून वाचली.

"हे काय?"

"हिट, चीफ."

"चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये गेला होता. मी आवाज ऐकला."

"तुमचा शेवटचा सामना होता..."

"म्हणून? पेन दे."

त्यांनी 'हिट'वर एक सरळ रेघ मारली, वर 'एरर' लिहिलं, शेजारी सही केली आणि घड्याळ बघून वेळ टाकली. मग म्हणाले, "चल, भूक लागलीय." हॉकर सेंटरमध्ये त्यांनी तीन प्राटे खाल्ले आणि पुण्यातल्या फ्लॅटच्या फरश्यांबद्दल बोलत राहिले.

परतीच्या गाडीत वही मांडीवर होती. नंतर मीही भारतात परतलो, वही बरोबर आली. टीव्हीवर सामना लागला की पिचर, दंड, होमरन यांना मी अजून शिव्या घालतो. स्कोअररबद्दल मात्र आता बोलत नाही. वहीत साठ्यांच्या नावापुढे हिट शून्य आहे, आणि शेजारी त्यांची सही.