जगन्नाथकाकांचा पौल

जगन्नाथ रणनवरे १९८२ साली नगरहून अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला मुलीकडे राहायला आले, तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. मुलगी प्रतिमा ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिच्या समोरच आमचं घर. मी मूळचा पुण्याचा, तेलकंपनीतला इंजिनिअर, हौसेनं पेटी वाजवणारा. एका संध्याकाळी काका गराजच्या दारात खुर्ची टाकून गात होते. चाल थेट कीर्तनातली, पण शब्दांत दिमिष्क नावाच्या शहराची वाट आणि आभाळातून पडलेला उजेड. मी रस्ता ओलांडून गेलो.

"काका, हे कुठलं आख्यान?"

"पौलाचं. आमच्याकडं चर्चात कीर्तन होतं की! तुम्ही ऐकलं नाही कधी?"

नव्हतं ऐकलं. नगर पुण्याहून तीन-साडेतीन तासांवर, आणि हे मला टेक्सासात येऊन कळलं.

काकांनी नगरला चाळीस वर्षं लष्कराचे तंबू शिवले होते. सुट्टीच्या दिवशी टाळ घेऊन आसपासच्या गावांतून कीर्तनं करायचे. येशूच्या सगळ्या प्रेषितांत पौल त्यांचा लाडका, कारण तोही तंबू शिवणारा. "आधी हाच ख्रिस्ती माणसांना धरून तुरुंगात घालायचा," ते सांगत. "मग त्या दिमिष्काच्या वाटेवर उजेड पडला आणि पालटला. गावोगाव फिरला, मार खाल्ला, पण कुणाच्या जिवावर जेवला नाही. सकाळी सुई, मग उपदेश. आमचा धंदेभाऊच तो, श्रीरंगराव!"

इथल्या चर्चमध्ये एकदा कीर्तन करावं, अशी त्यांची फार इच्छा. प्रतिमा मात्र तयार नव्हती.

"दादा, इथे नको. लोक हसतील. मी तुम्हाला दर रविवारी ड्राइव्ह करून नेते ना? बसा, प्रार्थना करा, बस."

तिचंही चुकत नव्हतं. सहा वर्षं त्या चर्चमध्ये जाऊनही लोक तिला विचारत, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? आजोबांच्याही आधीपासून, हे सांगून ती थकली होती. तिला आणखी वेगळं दिसायचं नव्हतं. काकांनी टाळ बॅगेत ठेवून दिले आणि विषय परत काढला नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅलिशिया वादळ आलं. सकाळी बाहेर पडलो तर रस्त्यावर झाडं आडवी, अर्ध्या घरांच्या छपरांना भोकं, वीज गेलेली. दुकानांतल्या ताडपत्र्या दुपारपर्यंत संपल्या. काकांनी कुणाला विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या मिसेस डॉब्सन एकट्या राहायच्या. त्यांच्या अंगणात ते मांडी घालून बसले आणि फाटक्या ताडपत्रीचे तुकडे दाभणानं जोडायला लागले. दोरा संपला तेव्हा मी मासे पकडायची दोरी आणून दिली. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, बोटं सोललेली. चार दिवसांत अकरा छपरं झाकली. वर चढायला आम्ही, शिवायला ते.

तिसऱ्या दिवशी चर्चचे पास्टर पाणी वाटत आले आणि ती शिवण बघून थबकले. कुठे शिकलात, त्यांनी विचारलं.

काकांनी मान वर न करता त्यांच्या इंग्रजीत उत्तर दिलं, "सेंट पॉल. सेम वर्क."

पास्टर मोठ्यानं हसले आणि त्यांच्याजवळ गवतातच बसले. "या रविवारी हे आम्हाला सांगाल का?"

काकांनी प्रतिमाकडे पाहिलं. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, गणवेशातच होती. तिनं बापाच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

"माझे वडील नुसतं सांगत नाहीत," ती म्हणाली. "ते गाऊन सांगतात. मी ट्रान्सलेट करीन."

रविवारी चर्चमध्ये वीज नव्हती. दारं-खिडक्या सताड उघडी. काका धोतर, कोट, फेटा घालून उभे राहिले, मी पेटीवर, बाजूला प्रतिमा. त्यांनी पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारं जहाज फुटल्याची कथा घेतली. दोनशे शहात्तर माणसं, चौदा दिवसांचं वादळ, कुणाच्या पोटात अन्न नाही. कैदी पौल भाकर मोडतो, म्हणतो, जेवा, कुणी मरणार नाही. लोक फळ्यांना धरून काठाला लागतात. बेटावरची अनोळखी माणसं त्यांच्यासाठी शेकोटी पेटवतात.

"आणि एवढा मोठा प्रेषित," काका म्हणाले, "त्या वेळी काय करत होता? काटक्या गोळा करत होता!" आणि ते सत्तरीला टेकलेले गृहस्थ खरोखर वाकून उघड्या दारांतून आत आलेल्या काटक्या वेचायला लागले.

 हे इंग्रजीत सांगायची गरजच नव्हती. पहिल्या रांगेत मिसेस डॉब्सन डोळे पुसत होत्या. काकांनी पद धरलं, तेव्हा भाषांतर सोडून प्रतिमा त्यांच्यामागे मराठीत गायला लागली. लहानपणी ती असंच गायची म्हणे. मला ते काकांनी नंतर सांगितलं.

त्यानंतर दर ऑगस्टमध्ये चर्च त्यांना बोलवायचं. शेवटचं आख्यान त्यांनी पौलाच्या रोममधल्या दिवसांवर केलं: भाड्याचं घर, दाराशी पहारा, तरी येईल त्याला आत घेणारा म्हातारा. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये ते झोपेतच गेले.

त्या ऑगस्टमध्ये प्रतिमानं मला फोन केला. "श्रीरंग, पेटी घेऊन याल?"

ती साडी नेसून उभी राहिली. आख्यान इंग्रजीत, पदं मराठीत. दुसऱ्या पदात ती अडखळली. मी सूर धरून ठेवला. तिनं श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली.