पाठमोरी खुर्ची

मामांचा पाय वाकत नव्हता, म्हणून खुर्ची फिरवावी लागली. ती फिरवली नसती तर आमच्या प्रेस शॉपमधल्या सगळ्यांचे कान ठणठणीत आहेत, असं मी आजही लिहून देत बसलो असतो.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी पर्सोनेल विभागात आहे. दुचाकीचे पत्र्याचे भाग डायमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात, दाबून काढणारे मोठे प्रेस आमच्याकडे आहेत. गंगापूर तालुक्यातल्या आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला, आणि या नोकरीपर्यंत मला आणलं ते मामांनी. सख्खे नव्हेत, आईच्या माहेरच्या गावचे. प्रेसवर त्यांची पंचवीस वर्षं गेली. कॉलेजची दोन वर्षं मी त्यांच्या दोन खोल्यांपैकी एकीत राहिलो आणि मामींच्या हातचं जेवलो. कारखान्यात जागा निघाली तेव्हा माझा अर्ज घेऊन मामा साहेबांच्या केबिनबाहेर शिफ्ट सुटेपर्यंत उभे होते. पायात कामाचे जड बूट तसेच. हे मी विसरलेलो नाही.

तीन महिन्यांपूर्वी शॉपमध्ये फोर्कलिफ्टने त्यांना मागून धडक दिली. उजव्या पायाचं हाड मोडलं. चौकशी माझ्याकडे आली. फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर कंत्राटी होता, चाळिशीचा, मुकुंदवाडीहून येणारा. माझ्यासमोर टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "साहेब, दोन बार हॉर्न वाजवला. मामा हाललेच नाय."

मामा दवाखान्यातल्या पलंगावरून म्हणाले, "हॉर्न वाजलाच नाय. आईशपथ."

मामा खोटं बोलत नाहीत हे मला ठाऊक होतं. तरी मी रीतसर आरोग्याचं रजिस्टर उघडलं. मामांच्या नावापुढे दरवर्षी, माझ्याच अक्षरात, एकच शेरा होता: श्रवण सामान्य. मी अहवालात लिहिलं की हॉर्न वाजवला गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरचा गेटपास बंद झाला.

मामा बरे होऊन परत यायची वेळ आली, तेव्हा कारखान्याच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून घेतलं. आमच्याकडे आतापर्यंत जखमी माणूस परत आला की सर्टिफिकेट दाखवून थेट जुन्या मशिनवर उभा राहायचा. नाहीतर यायचाच नाही. बाई म्हणाल्या, "त्याला पायरीपायरीनं कामावर आणायचं. आधी तो काय करू शकतो ते सगळं तपासू, मग काम ठरवू." मला ते फार पटलं. मी कागद केला: पहिले दोन आठवडे अर्धी शिफ्ट, बसून काम, जिना नाही, वजन नाही. मामांसाठी हाताची खुर्ची मी स्वतः स्टोअरमधून निवडून आणली. आपण थोडं तरी फेडतोय, असं वाटत होतं.

पहिल्याच दिवशी बाईंनी मामांची सगळी तपासणी काढली. त्यात कानाचीही होती. मागच्या वर्षापर्यंत त्यासाठी बाहेरून एक गाडी यायची. या वर्षी कारखान्याने आपल्या दवाखान्यातच एक बंद खोका घेतला होता, माणूस बसेल एवढा, समोर काच असलेला. माणसाने कानाला हेडफोन लावून आत बसायचं आणि आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर दिवा लागतो.

मामा आत गेले, पण काचेकडे तोंड करून बसले की पाय भिंतीला अडायचा. बाईंनी खुर्ची फिरवली. पाय दाराकडे लांब झाला आणि आमच्याकडे मामांची पाठ झाली.

बाईंनी सुरुवातीचे जाड आवाज सोडले. दिवा लागला, उशिरा लागला, पण लागला. मग त्या बारीक आवाजांकडे गेल्या. दिवा लागला नाही. त्यांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला. मी कागदावर पेन टेकवून वाट बघत होतो. आत मामांची मान, पांढरे झालेले केस, बटणावर ठेवलेला अंगठा. अंगठा हलला नाही.

"झोप लागली का मामांना?" मी म्हणालो.

बाईंनी यंत्राला जोडलेला दुसरा हेडफोन माझ्या कानाला लावला. मी दचकून मागे सरलो, इतका तो आवाज मोठा होता.

"मागच्या वर्षीचा रिपोर्ट?"

मी दिला. त्यांनी नाव दोनदा वाचलं. "हा याच माणसाचा?"

"माझ्यासमोर झालाय मॅडम."

"कान असे एका वर्षात जात नाहीत. याला कितीतरी वर्षं लागली असणार." तेवढ्यात बोट कापलेला एक कामगार दारात आला आणि बाई त्याला घेऊन पट्टी करायला आत गेल्या.

मामा खोक्यातून बाहेर आले. माझ्या तोंडाकडे बघून हसले. "खुर्ची उलटी ठेवली ना तुम्ही. मंग कसं व्हायचं?"

मला काही कळेना. मामा माझ्या हाताकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझं पेन दिसलं नाय ना."

तरीही कळेना. तेव्हा ते माझ्याजवळ सरकले. "तुला खरंच ठाऊक नव्हतं? आम्हाला वाटायचं तू मुद्दाम करतोस."

आमच्या शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला गुरुजींनी तोंड उघडायच्या आधी पेन कागदावर टेकलेलं लागायचं. नाहीतर छडी. ती सवय माझ्या हातात राहिली आहे. तपासणीच्या गाडीतही असाच काचेचा खोका असायचा आणि बाहेर तंत्रज्ञाच्या शेजारी बसून मी नोंद करायचो. त्याचं बोट कळीकडे गेलं की माझं पेन पुढच्या चौकोनावर टेकायचं. काचेपलीकडचा माणूस त्याचा हात बघू शकत नसे, मधे यंत्र होतं. माझा हात मात्र पूर्ण दिसायचा. पेन खाली गेलं की बटण दाबायचं. हे प्रेस शॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नव्या माणसाला पहिल्याच वर्षी सांगितलं जायचं.

"एक बी बार चुकला नाय तू," मामा म्हणाले. "सगळी लाइन तुला दुवा देती."

इतकी वर्षं मी मान खाली घालून इमानदारीने काम करत होतो, आणि त्याच इमानदारीने मी प्रत्येकाचं बहिरेपण झाकलं होतं.

"पण मामा, काहून?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. ते नेहमीच तसं बघायचे. बोलणाऱ्याला मान देतात असं मला वाटायचं.

"कान गेले म्हणलं की प्रेसवरनं काढतेत. मंग काय, गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकू? पंचवीस वर्षांनी?"

"कानाचे बोळे तर दिलेत आपण."

"बोळे घातले तर डाय कसा कळंल? डाय बिघडायला लागला की आधी आवाज बदलतो. म्हणून काढून खिशात ठेवायचो. आता आवाज बी नाय कळत." त्यांनी तळवा पुढे केला. "आता इथं कळतंय. टेबलाला हात लावला की."

मला एकामागून एक आठवायला लागलं. मामी त्यांना कधी हाक मारायच्या नाहीत, खांद्याला हात लावायच्या. घरातला टीव्ही रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. काहीही विचारलं तरी मामा "व्हय" म्हणायचे. मी त्याला स्वभाव म्हणत आलो. दोन वर्षं मी त्यांच्या घरात राहिलो होतो.

मग मामा हळू आवाजात म्हणाले, त्यांच्या मते हळू, पण पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं असेल, "आसं कर. खुर्ची सरळ करू. पाय दुखला तरी चालंल. बाई यायच्या आत तू पेन घेऊन बस. एवढी एक बार."

खोटं कशाला सांगू, माझा हात खुर्चीला लागला होता. केबिनबाहेर उभे असलेले मामा डोळ्यांसमोर होते. आणि मग टोपी हातात घेतलेला तो दुसरा माणूस दिसला.

"मामा, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला होता," मी म्हणालो. म्हणताना माझी मान खाली होती.

"व्हय," मामा म्हणाले.

मी वर बघितलं. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मी तपासणीचा कागद उलटा केला आणि पाटीवर लिहावं तसं मोठ्या अक्षरात लिहिलं: त्यानं हॉर्न वाजवला होता. तुम्हाला ऐकू आला नाही. त्याचं काम गेलं.

मामांनी शब्दांखाली बोट फिरवत वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"मी आईची शपथ घेतली ना रे," ते म्हणाले. पट्टी करून बाई परत आल्या तेव्हा मामा स्वतः उठून खोक्यात गेले. पाय दाराकडे लांब केला, आमच्याकडे पाठ केली.

"ऱ्हाऊ दे तशीच," आतून म्हणाले. "घ्या परत."

त्या दिवशी मी दोन अहवाल लिहिले. एक मामांचा, एक माझ्या पेनाचा. व्यवस्थापक साहेबांनी दुसरा वाचून मला विचारलं, "म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं रजिस्टर...?" मी हो म्हणालो. ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी चष्मा काढला. मामांना प्रेसवरून काढलं, पण गेटवर बसवलं नाही. बाईंनी हट्ट धरला आणि त्यांना डाय ठेवायच्या खोलीत घेतलं. तिथे शांतता असते, आणि कुठला डाय कुठे कसा वागतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. सगळ्या लाइनची पाठमोरी तपासणी करायचं ठरलं. कॅन्टीनमध्ये एकजण माझ्या ताटाशेजारी येऊन मोठ्याने म्हणाला, "साहेब, पेन हरवलं का तुमचं?" कुणी हसलं नाही. आता कुणी दुवा देत नाही.

रविवारी मामा आणि मी स्कूटरवर मुकुंदवाडीला गेलो. जालना रोडला मागून एक ट्रक सारखा हॉर्न देत होता. मी कडेला घेतलं, तो धूळ उडवत गेला. मामांनी मागून विचारलं, "ह्यो वाजवत व्हता का?"

"केव्हाचा," मी मान वळवून म्हणालो. खांद्यावरची त्यांची पकड घट्ट झाली.

ड्रायव्हर दारातच मालवाहू रिक्षा पुसत होता. आम्हाला बघून त्याने फडकं खाली ठेवलं नाही.

"मी दोन बार वाजवला व्हता, मामा."

"परत म्हण. इकडं बघून म्हण."

तो ओरडून म्हणाला. शेजारच्या घरातली बाई बाहेर आली. मामांनी हात जोडले. ड्रायव्हर मग माझ्याकडे वळला. "ह्यांचं ठीक आहे साहेब, ह्यांना ऐकू येत नाय. तुम्हाला तर येत व्हतं."

मी दुरुस्त केलेला चौकशी अहवाल त्याच्या हातात दिला. त्याने तो ओळ न् ओळ वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा रिक्षा पुसायला लागला.

सोमवारी पावणेसातपासून मी त्याचा नवा गेटपास घेऊन गेटवर उभा राहिलो. तो आला नाही. मंगळवारी आला. मी त्याच्याबरोबर शॉपमध्ये गेलो. प्रेस चालू होते. तो फोर्कलिफ्टवर चढला आणि गाडी हलवायच्या आधी, समोर रस्ता मोकळा असताना, त्याने दोनदा हॉर्न वाजवला.

आमच्याकडे पाठ करून नऊजण काम करत होते. दोघांनी वळून बघितलं.