वॅटचा धाक

माझ्या वडिलांचा अपमान झाला तो १९९४च्या धनतेरसला, भर रेडिओच्या दुकानात. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान मंद झाले होते. घरच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला त्यांनी बंद टॉकीजचे मोठे स्पीकर आणले होते. त्यांच्यासाठी तारा मागितल्या, तर दुकानदार हसला, "काका, एवढ्याशा वॅटवर हे कुजबुजतीलसुद्धा नाही. मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्या!"

पांडेसऱ्याच्या कामगारवस्तीतल्या आमच्या खोलीत आम्ही तरीही तारा जोडल्या आणि गावाहून आलेली आत्याची कॅसेट लावली. बटण जरासंच फिरवलं, तर आत्या खोलीभर झाली, अगदी श्वासासकट! "भाऊ, कसा शेस रे?"

वडील उभेच राहिले. "बरा शे वं बहीण, बरा शे!" त्यांनी कॅसेटला उत्तर दिलं.

मी थक्क झालो. टॉकीजच्या स्पीकरसारखे काही स्पीकर थोड्या विजेतही मोठा आवाज देतात, हे कुणी सांगतच नाही. वॅटच्या आकड्याला भिऊ नका. आपला अ‍ॅम्प्लिफायर दुकानात न्या आणि दुकानदाराला ठणकावून सांगा, आधी यावर स्पीकर वाजवून दाखव!