जैबुन्निसा आणि लग्नगाण्यांचा काँप्युटर

बोर्लीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर जैबुन्निसा आसपासच्या म्हाताऱ्या बायकांकडून लग्नातली जुनी गाणी रेकॉर्ड करू लागली. दोहाला नोकरीसाठी जाण्याआधी तिच्या मुलाने, कैसने, घरच्या काँप्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकली आणि गाण्यांतली खरखर कशी काढायची ते तिला तिथे शिकवलं. विंडोज राहिलं पुतणी लाइबाच्या अभ्यासापुरतं.

एका शुक्रवारी सकाळी तिने काँप्युटर लावला, तर दोन्हींतलं काय उघडू हे विचारणारी यादी आलीच नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एवढंच, की असं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तसा कप्पा, नाही. त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’. आदल्या दिवशी लाइबाने विंडोजमधून डिस्कची रिकामी जागा वेगळी केली होती.

गाणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नव्हत्या, आणि त्यांची गाणी फक्त याच काँप्युटरवर होती. जैबुन्निसाने कैसला फोन लावला. एरवी त्याचा फोन म्हणजे जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. आज त्याला सुट्टी होती.

“अम्मी, गाणी जागेवरच आहेत,” तो म्हणाला. “पार्टिशनचे नंबर बदललेत. ती यादी दाखवणारा प्रोग्राम, ग्रब, लिनक्सला जुन्या नंबरावर शोधतोय आणि अडलाय. एलएस टाइप कर. काय दिसतं ते वाच.”

ती कंसातले आकडे वाचू लागली. तो सांगेल ते एकेक पार्टिशन ती उघडून बघत होती. बहुतेक ठिकाणी ‘ओळखता येत नाही’ असंच उत्तर.

“मागे कोण ओरडतंय?” मधेच त्याने विचारलं.

“खारी. सुपारीवर भांडतायत.”

“अजून आहेत?”

“वादळातून वाचली तेवढी झाडं आहेत. तेवढ्या खारी.”

तो हसला. कितीतरी महिन्यांनी तिने त्याचं हसू ऐकलं. त्यानंतर ती मुद्दाम सावकाश टाइप करू लागली.

शेवटी एका पार्टिशनमध्ये ‘बूट’ आणि ‘होम’ ही नावं दिसली. “हेच आपलं,” कैस म्हणाला. त्याने सांगितलं तसा तिने ग्रबला नवा पत्ता दिला आणि ‘नॉर्मल’ लिहून एंटर दाबलं. यादी आली. तिने ती सावकाश वरपासून वाचली.

“झालं का, अम्मी?”

“...झालं.”

लिनक्स उघडल्यावर त्याने ग्रब पुन्हा बसवून घेतला, म्हणजे उद्या तेच व्हायला नको. मग म्हणाला, “मी आलो की लिनक्स काढूनच टाकू. गाणी विंडोजवरही होतील. तुला त्रास नको.”

“राहू दे,” ती म्हणाली. “कधी येतोस?”

“ईदला रजा मागतो.”

फाइल चालते का बघायला तिने पहिलंच गाणं लावलं. त्याच्या दादीचं, मेंदीचं. गाणं संपलं. तो हळूच म्हणाला, “परत लाव.”

ईदची रजा त्याला मिळाली नाही. पण आता शुक्रवारी तो स्वतःहून फोन करतो, एखादं गाणं ऐकवायला सांगतो. येण्याबद्दल तो बोलत नाही. विचारायचं तिच्या ओठांवर येतं, आणि ती पुढचं गाणं लावते.